बाळ सध्या स्पॅनिशला जातं

पुण्यात ओळखीचा माणूस भेटला की तो काय करतो हे विचारू नये, सध्या काय शिकतो ते विचारावं. निवृत्त असेल तर हमखास उत्तर मिळतं. आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूत एक माजी कार्यकारी अभियंता आहेत, ते जर्मनच्या परीक्षेला बसलेत. दुसरे एक सत्तरीतले गृहस्थ मोडी संपवून जपानीकडे वळले. दोघांनाही जर्मनीला किंवा जपानला जायचं नाही. गुडघे साथ देत नाहीत आणि तिकडचं जेवण सोसत नाही. पण फर्गसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे आणि घरी दुपार मोठी असते.

रानडे इन्स्टिट्यूट ही पुणे विद्यापीठाची शाखा आहे असं सरकारदप्तरी म्हणतात. खरं तर ती पुण्याच्या लग्नसंस्थेची शाखा होती. ‘हिने रानडेतून जर्मनचं सर्टिफिकेट केलंय’ हे वाक्य एके काळी पोह्यांच्या बशीबरोबरच बाहेर यायचं आणि मुलाकडचे पोहे खाली ठेवून ऐकायचे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश. सर्टिफिकेट, डिप्लोमा, ॲडव्हान्स्ड डिप्लोमा. जे बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवनात जायचे ते रानडेवाल्यांकडे जरा वरून बघायचे. शाळेत पूर्ण संस्कृत घेतलेले संयुक्तवाल्यांकडे बघतात, साधारण तसंच. ह्या सगळ्या भाषाप्रेमात समोर बोलायला कुणी असावं अशी अट मात्र कधीच नव्हती. जर्मन येणारे दोन पुणेकर एकत्र आले तर ते एकमेकांच्या जर्मनमधल्या चुका काढतात, आणि त्या मराठीतून काढतात.

पूर्वी ह्याला वयाची अट असे. बारावी झाल्याशिवाय रानडेत कुणी उभं करत नसे. मग शाळांतून आठवी-नववीला जर्मन, फ्रेंच आलं, कारण ते स्कोअरिंग. आणि आता माझा नातू, वय वर्षं साडेतीन, बाणेरच्या आमच्या चिरंजीवांच्या सोसायटीत दर शनिवारी सकाळी दहाला स्पॅनिशला जातो.

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला होता. वय ३ ते ६, स्थळ क्लब हाऊस, जागा मर्यादित. ‘जागा मर्यादित’ असं वाचलं की आपल्याकडे माणूस आधी पैसे भरतो आणि कशाचे ते नंतर विचारतो. खाली फायदे दिले होते. एकाग्रता वाढते, मेंदू तल्लख होतो, गणित सुधारतं, जागतिक करिअरची दारं उघडतात आणि उतारवयात स्मृतिभ्रंश लांबतो. सहाव्या वर्षानंतर म्हणे मेंदूची खिडकी बंद होते.

“बाबा, वीस देशांची राजभाषा आहे स्पॅनिश,” चिरंजीव म्हणाले. “पन्नास कोटींच्या आसपास लोकांची मातृभाषा.”

“आणि मराठी?”

“आठ कोटी तीस लाख. २०११ची जनगणना.”

“मग बाळाला बोलायला माणसं कमी पडत होती का?”

ह्यावर सूनबाई हसल्या, चिरंजीव हसले नाहीत. बाळ त्या वेळी माझी एक चप्पल वॉशिंग मशीनमध्ये ठेवत होतं. ज्या गृहस्थाला अजून डावी-उजवी चप्पल कळत नाही, त्याच्या ऐंशीव्या वर्षीच्या विसराळूपणाची तजवीज चालली होती. आमच्या वडिलांनी आमच्यासाठी फार तर पोस्टात खातं उघडलं.

सूनबाईंनी संशोधनही पाठवलं. मी बँकेत आयुष्य काढलंय. अर्जासोबत जोडलेले कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही ही सवय अंगात मुरलेली. तेव्हा वाचलं. स्मृतिभ्रंशाचं ते संशोधन निघालं हैदराबादचं. निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासले आणि २०१३ साली निष्कर्ष छापले: एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये विकाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. अगदी शाळेचं तोंड न पाहिलेल्यांमध्येसुद्धा हा फरक होता. आता त्या मंडळींच्या भाषा कुठल्या? तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी. चारमिनारच्या गल्लीत बांगड्या विकताना ज्या लागतात त्या. त्यांच्यापैकी कुणी शनिवारी दहाला क्लब हाऊसमध्ये गेल्याची नोंद नाही.

मेंदू तल्लख होण्याचं प्रकरण त्याहून गमतीचं. दोन भाषांची मुलं लक्ष जास्त चांगलं एकाग्र करतात असं सांगणारे प्रयोग पुष्कळ झाले. मग २०१५ साली काही संशोधकांनी, अँजेला डी ब्रुइन आणि त्यांच्या जोडीदारांनी, परिषदांमध्ये मांडलेल्या निबंधांचं पुढे काय झालं त्याचा माग काढला. फायदा होतो म्हणणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त निबंध नियतकालिकांत छापून आले होते. होत नाही म्हणणाऱ्यांपैकी एक तृतीयांशही नाहीत. हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. दहावीच्या निकालानंतर पेठेत पेढे ज्यांना नव्वद टक्के पडले त्यांच्याच घरून येतात. बाकीच्यांच्या घरून काही येत नाही म्हणून सगळ्या पेठेला नव्वद टक्के पडले असं समजायचं नसतं.

आणि ती खिडकी. ती सहाव्या वर्षी बंद होत नाही. २०१८ साली अमेरिकेत जोशुआ हार्टशॉर्न वगैरेंनी इंटरनेटवरून जवळजवळ पावणेसात लाख माणसांना इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न घातले, तेव्हा व्याकरण पटापट उचलायची ताकद सतराव्या वर्षापर्यंत टिकते असं निघालं. अगदी तिथल्यासारखी भाषा यायला हवी तर दहाच्या आत सुरुवात करावी, इतकंच. म्हणजे बाळाजवळ अजून साडेसहा वर्षं होती. मी हे सांगितल्यावर चिरंजीव म्हणाले, “बाबा, तोवर बॅच फुल होईल.”

ह्या सगळ्याच्या मागेपुढेच महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा धुरळा उडाला होता. १६ एप्रिल २०२५ला शासनाचा निर्णय निघाला, जूनमध्ये तो दुरुस्त झाला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत सोसायटीच्या ग्रुपवर कोवळ्या मेंदूवर तिसऱ्या भाषेचं ओझं नको ह्या विषयावर फार तळमळीनं लिहिलं गेलं. बालमानसशास्त्र होतं, मातृभाषेचं महत्त्व होतं, एकाने तर मेंदूचं चित्रही टाकलं. ते मला पटतही होतं. फक्त लिहिणाऱ्यांमधले निम्मे लोक शनिवारी सकाळी मला क्लब हाऊसच्या दारात भेटायचे, हातात पोराची पाण्याची बाटली. शासनाने फुकट दिली तर भाषा ओझं होते आणि महिना साडेतीन हजार मोजले की तीच एक्स्पोजर होते. हे सूत्र बाणेरात सर्वांना मान्य आहे.

बाळाला क्लासला पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण शनिवारी सकाळी चिरंजीव झोप पूर्ण करतात आणि सूनबाई पळायला जातात. त्यामुळे ह्या वर्गाचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. टेबल टेनिसचं टेबल मिटवून भिंतीला लावलेलं, खाली रंगीत चटया, त्यावर नऊ पोरं. शिकवणाऱ्या मॅडम मूळच्या इचलकरंजीच्या, जेमतेम पंचविशीच्या, स्पॅनिश रानडेत शिकलेल्या आणि मुलांत रमणाऱ्या. वर्गात त्यांना ‘प्रोफे’ म्हणायचं. हजेरीला ‘आकी’ म्हणायचं. लाल म्हणजे ‘रोखो’, हिरवा म्हणजे ‘वेर्दे’. एक पोरगी प्रत्येक रंगाला वेर्दे म्हणायची; मॅडम तिलाही ‘मुय ब्येन’ म्हणायच्या. पहिली वीस मिनिटं सगळं स्पॅनिशमध्ये चालायचं, मग एखादा उठून उभा राहायचा, दोन्ही गुडघे जुळवून. “प्रोफे, शू.” ह्या विषयावर वर्गात भाषिक मतभेद नव्हते. मॅडमही मराठीतूनच पळायच्या.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आपल्या पोरांच्या तोंडात स्पॅनिश छान बसतं. स्पॅनिशचा त आणि द आपल्यासारखाच दातांवरचा. स्वर पाच, तेही सरळ. आणि र असा की कोल्हापूरकडचा माणूस न शिकवता म्हणेल. इंग्रज पोरांना तो त जमता जमत नाही. कॅनडात जॅनेट वर्कर ह्या बाईंनी १९८४ साली दाखवून दिलं की सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळाला हिंदीतला ट आणि त वेगळा ऐकू येतो, पण वर्षाचं होईतो हा कान बहुतेकांचा बुजतो. आपलं बाळ टोपी आणि तोंड ह्यांतला फरक पाळण्यातच पक्का करतं. घोळ घालतात ते पालक. ते रोमन लिपीत टिपणं घेतात आणि घरी येऊन ‘होला’ म्हणतात. आमची ही देवनागरीत लिहून घेते, त्यामुळे आजीचं स्पॅनिश घरात सगळ्यांत शुद्ध आहे. तो शब्द ‘ओला’ असा आहे. त्याचा अर्थ नमस्कार.

बाळ आमच्या नारायण पेठेतल्या घरी आलं तेव्हा जिन्यात भेटलेल्या नानांना त्याने हात हलवून म्हटलं, “ओला!”

“ओला कशाला रे?” नाना म्हणाले. “कोपऱ्यावर रिक्षा असते की.”

रिक्षा असते. ती येत नाही, हा वेगळा विषय.

तर शनिवारी तासभर स्पॅनिश. बाकीच्या सहा दिवसांसाठी मॅडमनी काही कार्टूनं सांगितली होती. ती जेवताना लावायची, म्हणजे कानावर भाषा पडेल. त्यामुळे दुपारी साडेबाराला बाणेरच्या त्या फ्लॅटमध्ये असं दृश्य असे: समोर टॅबवर गुलाबी डुकरांचं कुटुंब भरभर स्पॅनिश बोलतंय, बाळ आ वासून बघतंय, आणि शेजारी बसलेल्या मावशी त्या उघड्या तोंडात वरणभात सारताहेत. मावशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातल्या. चिरंजीव हिंजवडीला आणि सूनबाई खराडीला. पुण्याच्या दोन टोकांना नोकऱ्या असल्यामुळे सकाळी नऊ ते सात बाळ त्यांच्याकडे. आणि मावशींना गप्प राहून काम करणं जमत नाही. पोळ्या लाटताना, केर काढताना, बाळाला न्हाऊ घालताना त्यांचं बोलणं अखंड चालू. भावाने विहीर कशी पाडली, पाणी कसं लागलं नाही, वहिनी कशी आहे. मोठं माणूस समोर असेल तर मराठीत. बाळ एकटंच असेल तर आपलं घरचं, मनमोकळं कानडी.

साधारण दिवाळीच्या सुमारास सूनबाईंच्या लक्षात आलं की बाळ क्लासच्या पुढे गेलं आहे. पोट भरलं की ते ताट सारून म्हणायचं, “साकु.” औषध दाखवलं की, “ब्याड.” एकदा तर खेळता खेळता वळून त्याने पूर्ण वाक्य टाकलं, “ननग नीर बेकु.” रंग आणि आकडे सोडून एकदम वाक्य! घरात आनंद झाला. चिरंजीवांनी ते फोनवर रेकॉर्ड केलं. भाषांतराच्या ॲपला ऐकवलं, त्याला स्पॅनिश म्हणून ते कळेना. तेव्हा हे मेक्सिकोकडचं असेल किंवा पेरूमधलं, तिकडे उच्चार फार वेगळे असतात, असं ठरलं. पुढच्या शनिवारी दोघं जातीने क्लासला आले. पळणं रद्द, झोप रद्द. चिरंजीवांनी मॅडमसमोर फोन धरला.

“मॅडम, हे कुठल्या देशातलं स्पॅनिश?”

मॅडमनी एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“अहो, हे कानडी आहे. पाणी पाहिजे म्हणतोय तो. माझं आजोळ निपाणीकडचं आहे ना.” आणि वाकून त्या बाळाशी जे काही बोलल्या त्याला बाळाने हातवारे करत लांबलचक उत्तर दिलं. त्यात विहीर होती, एवढं मलाही कळलं.

घरी परतताना गाडीत कुणी बोललं नाही. मला खरं म्हणजे पेढे वाटायचे होते. पत्रकात लिहिलेलं जे जे होतं ते ते झालं होतं. लहान वयात दुसरी भाषा, सहज, पूर्ण वाक्यांसकट, योग्य माणसाशी योग्य भाषेत बोलायचं भान ठेवून: माझ्याशी मराठी, मावशींशी कानडी, डुकरांशी काही नाही. ह्यात चमत्कारही नव्हता. सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल ह्यांनी २००३ साली हाच प्रयोग केलाय. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली, बारा बैठकांत. ज्यांच्यासमोर हाडामांसाचं माणूस बसून खेळलं-बोललं त्या बाळांच्या कानांनी त्या भाषेचे आवाज धरले. ज्यांना तेच सगळं टीव्हीवर दाखवलं त्यांना काहीच आलं नाही. बाणेरात हा प्रयोग एकाच बाळावर एकाच वेळी झाला होता, डावीकडे टॅब आणि उजवीकडे मावशी.

“पण बाबा, कानडीला स्कोप काय?” चिरंजीव शेवटी म्हणाले.

हे पुण्यात, मराठी माणसाने विचारावं! ज्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटासाठी हाच मनुष्य ओळखी काढत फिरतो, तो महोत्सव ज्यांच्या नावाने आहे ते कुंदगोळचे, आणि १९५३ साली तो सुरू करणारे भीमसेन जोशी गदगचे. आपल्या विठ्ठलालाच संतांनी कानडा म्हणून ठेवलंय, तिथे तुमचं काय. आणि बालपणी दुसरी भाषा शिकण्याचे फायदे हवेत तर द. रा. बेंद्रे बघा. धारवाडचं घर, घरात मराठी, गल्लीत आणि शाळेत कानडी. पुढे पुण्याला येऊन फर्गसनमध्ये बीए केलं, म्हणजे रानडेपासून हाकेच्या अंतरावर, आणि कविता लिहिली ती गल्लीतल्या भाषेत. १९७३ सालचं ज्ञानपीठ मिळालं. त्यांच्या आईने गल्लीत खेळायला सोडताना स्कोपची चौकशी केली असती, तर कर्नाटकाचा वरकवी आपल्याकडे एखाद्या कचेरीत बारनिशी लिहीत बसला असता.

स्पॅनिशचा खरोखर फायदा झालेला एक मराठी माणूस मला माहीत आहे, तो म्हणजे पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचे. गदर चळवळीत होते, इंग्रज मागावर, इराणपर्यंत लढून आले आणि १९२४च्या सुमारास मेक्सिकोत पोचले, चाळिशीला टेकलेले. खिशात पैसे नाहीत, कोणताही क्लास नाही. चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात शिकवायला उभे राहिले, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. भाषा आली कारण समोरच्या शेतकऱ्याला दुसरी येत नव्हती. दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर त्यांना रंगवलं आहे, भाकरी वाटून घेणाऱ्या माणसांच्या टेबलाशी. त्यांच्या मुली तिकडेच वाढल्या, त्यांच्या कानावर स्पॅनिश जन्मापासून. हे सगळं मी फिरायच्या कंपूत सांगितलं तेव्हा माजी कार्यकारी अभियंता म्हणाले, “वर्ध्याचे म्हणजे पुण्याचे नव्हेत.” मग पुण्याची बाजू सावरायला त्यांनीच सांगितलं की ‘दोन किहोते’ ह्या स्पॅनिश कादंबरीची काही प्रकरणं चक्क संस्कृतात आहेत. १९३०च्या दशकात एका अमेरिकन संग्राहकाच्या हौसेखातर नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर झाडू ह्या दोन काश्मिरी पंडितांनी ती इंग्रजीवरून उतरवली, आणि २०१९ साली ती छापली आपल्या पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाने. म्हणजे पूर्ण संस्कृत घेतलेल्याला स्पॅनिशची वेगळी गरज नाही. पाली विभागाने का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही; चहा आला.

आमची मुलगी डॅलसला असते. तिचा मुलगा बाळाहून दोन वर्षांनी मोठा. टेक्सासमध्ये त्याच्या वर्गातली बरीच मुलं घरी स्पॅनिश बोलतात, त्यामुळे ह्याला ते मैदानावर फुकट येतं, शिव्यांसकट. पैसे तिला पडतात ते मराठीचे. रविवारी सकाळी चाळीस मिनिटं गाडी हाकून ती त्याला मंडळाच्या मराठी शाळेत नेते, तिथे तो ‘कमळ’ गिरवतो आणि ळ ला अडखळतो. इकडे शनिवारी मी बाळाला स्पॅनिशला पोचवतो. दोन्ही घरांत पोराला जे आपोआप येतं त्याची किंमत शून्य. ह्या दोन भावांचं व्हिडिओवर बोलणं होतं तेव्हा डॅलसचा विचारतो, “कोमो एस्तास?” आणि आमचा तत्परतेने सांगतो, “ऊटा आयतु.” जेवण झालं म्हणे. दोघांना एकमेकांचं काही कळत नाही आणि दोघं अर्धा अर्धा तास बोलतात.

क्लास बंद झाला नाही. फी सहा महिन्यांची आगाऊ भरलेली होती. टॅब मात्र जेवताना बंद झाला आणि त्याचा परिणाम भलताच झाला. बाळाला आता वर्गात शिकलेलं दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने मावशींची शिकवणी घ्यायला सुरुवात केली. दुपारी बाळ ‘प्रोफे’ व्हायचं, मावशी चटईवर विद्यार्थी. भाजीतला टोमॅटो धरून ‘रोखो’, मिरची धरून ‘वेर्दे’. चुकलं की छडी म्हणून लाटणं. मावशींना आळंदमुळे मराठी आणि कानडी येत होतंच. हैदराबादला दोन वर्षं बांधकामावर होत्या म्हणून हिंदी आणि कामापुरतं तेलुगू. त्यात ही पाचवी भाषा त्यांनी कुरकुर न करता घेतली. महिन्याभरात मॅडम लिफ्टमध्ये भेटल्या की मावशी पदर सावरून म्हणायला लागल्या, “ओला, प्रोफे.” मॅडमनी एकदा त्यांचे आकडे घेतले आणि सोसायटीत चारचौघांत सांगितलं की नऊ पोरांपेक्षा ह्यांचं पाठांतर चांगलं आहे.

ही बातमी बी विंगला पोचली. मॅडमनी एका पोराचं कौतुक केलंय, त्याला घरी दोन भाषांचं वातावरण आहे, एवढंच पोचलं. मग एका संध्याकाळी मावशी जायच्या वेळी दारात थांबल्या.

“ताई, एक विचारू? त्या मॅडम तासाचे किती घेतात?”

सूनबाईंनी आकडा थोडा कमी करून सांगितला.

“त्या एक भाषा शिकवतात,” मावशी म्हणाल्या. “मी कानडी शिकवते. आणि त्यांनी दिलेला अभ्यास मीच घेते. जेवण, अंघोळ ते वेगळं.”

“मावशी, बघते मी. विचार करते.”

“करा की. घाई नाही. त्या बी विंगमधल्या ताई म्हणत होत्या, त्यांच्या पोरीला दोन तास कानडी बोलाल का म्हणून. मी म्हटलं, आमच्या ताईंना विचारून सांगते.”

चिरंजीवांनी त्या रात्री मला फोन केला. ह्या विषयात त्यांना संशोधनाची गरज भासली नाही. वाढ दोन हजारांची ठरली, पुढच्या एक तारखेपासून. त्या दिवशी मी बाणेरलाच होतो. सूनबाईंनी पाचशेच्या नोटांची गड्डी हातात दिली. मावशींनी ती बोटाला थुंकी लावून तिथेच मोजली, दहापर्यंत स्पॅनिशमध्ये आणि तिथून पुढे कानडीत. बाळ शेजारी उभं राहून आकडे तपासत होतं. शेवटची नोट झाल्यावर त्या क्षणभर थांबल्या, पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजली.

“ताई, पाचशे कमी आहेत,” हे मात्र त्यांनी मराठीत सांगितलं.